मोटरहोमच्या छतावरचा एसी चालतो, पण मागच्या पलंगापर्यंत वारा पोहोचत नाही

कोलशेतकर | रविवार, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितोय, कारण अर्धवट माहितीवर कुणी नेमकं सांगू शकणार नाही.

दिवाळीनंतर आम्ही एक जुनं मोटरहोम घेतलं. ट्रॅव्हलरच्या चासीवर बांधलेली बॉडी, आतली लांबी साधारण १६ फूट. पुढे बसायची जागा, मध्ये ओटा आणि बाथरूम, मागे आडवा पलंग. आईचे गुडघे गेलेत. हॉटेलचे जिने नकोत, रोज नवं अंथरूण नको, पण कोकण मात्र पुन्हा एकदा किनाऱ्याकिनाऱ्याने बघायचंय, असं तिने म्हटलं आणि बाबांनी गाडी शोधायला सुरुवात केली.

छतावर बाहेरून मागवलेला एसी आहे. १३,५०० बीटीयूचा (गारव्याच्या ताकदीचं माप), २३० व्होल्टवर चालणारा. छताच्या आतून दोन डक्ट, म्हणजे हवा नेणाऱ्या नळकांड्या, पुढून मागे गेलेत आणि दोन्हींवर मिळून सहा गोल जाळ्या आहेत. दोन एसीच्या पुढे, चार मागे.

त्रास असा की एसीच्या खाली उभं राहिलं तर डोकं गार पडतं, पण पलंगावरच्या जाळीपाशी हात धरला तर वारा येतोय की नाही हेच कळत नाही. काल दुपारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन तास चालवला. बाहेर ३५ अंश, आत पुढे २६, मागे ३१. त्यात मध्येच कंप्रेसर बंद होतो आणि दहा मिनिटांनी परत लागतो. मागे ३१ असताना यंत्राला काम झालंय असं का वाटतं? आईने पलंगावर अर्धा तास पडून बघितलं आणि काही न बोलता खाली उतरली.

दोन सर्व्हिसवाल्यांना दाखवलं. पहिला म्हणाला गॅस कमी आहे. वर चढल्यावर त्याला दिसलं की यंत्र सीलबंद आहे, गॅस भरायला व्हॉल्व्हच नाही. दुसरा म्हणतो टनेज कमी पडतंय, काढून दीड टनाचा बसवा. मे महिन्याच्या आत निघायचंय. खर्चाला ना नाही, पण तो चुकीच्या जागी व्हायला नको.

येऊर_पहाट | रविवार, रात्री ११.०५

दुसऱ्याचं बरोबर वाटतंय. पत्र्याची गाडी आणि ठाण्यातलं ऊन. दुपारी खारे वारे उशिरा आले की इथे मार्चमध्येच ३८-३९ होतं. घरातल्या १०० चौरस फुटांच्या खोलीचा हिशोब गाडीला लावता येत नाही. मी असतो तर मोठा बसवून मोकळा झालो असतो.

वाशी_सेक्टर१७ | सोमवार, सकाळी ६.५०

माझी नोकरी वातानुकूलनात गेली, म्हणून सांगतो. अजून काही विकत घेऊ नकोस.

१२,००० बीटीयू म्हणजे एक टन. तुझं यंत्र सव्वा टनाच्याही थोडं आत आहे, म्हणजे साधारण ४ किलोवॅट उष्णता बाहेर फेकू शकतं. १६ फुटांच्या गाडीला ते दुपारच्या उन्हात भरपूर नाही, पण पुढे २६ आणि मागे ३१ हा पाच अंशांचा फरक टनेजचा नसतो. टनेज कमी असतं तर गाडी सगळीकडे सारखीच गरम राहिली असती. गारवा तयार होतोय. तो वाटला जात नाहीये.

दोन गोष्टी मोज. स्वयंपाकघरात चालतो तसला साधा डिजिटल थर्मामीटर घे. एसी २० मिनिटं चालल्यावर तो हवा आत ओढतो त्या मोठ्या जाळीपाशी एक तापमान, आणि एसीच्या सगळ्यांत जवळच्या गोल जाळीत दुसरं. दोन्हींत ८ ते १२ अंशांचा फरक असावा.

दुसरं, वाऱ्याचं माप. यंत्र नसलं तरी चालेल. ५० लिटरची कचऱ्याची पिशवी घे, हवा काढून चपटी कर, तिचं तोंड जाळीभोवती घट्ट धर आणि पूर्ण फुगायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोज. ५० ला सेकंदांनी भागलं की दर सेकंदाला किती लिटर ते मिळतं. अशा छतावरच्या एसीकडून सगळ्या जाळ्या मिळून १४०-१५० लिटरच्या आसपास अपेक्षा धरायला हरकत नाही. सहा जाळ्या, म्हणजे प्रत्येकी २५ लिटर. पिशवी दोन सेकंदांत फुगायला हवी.

कोलशेतकर | मंगळवार, रात्री ९.३०

काका, मोजलं. बाबा मोबाइल धरून, मी पिशवी धरून.

पुढच्या दोन जाळ्या: अडीच आणि तीन सेकंद. मधल्या दोन: चार आणि चार. पलंगावरच्या दोन: सात आणि नऊ. बेरीज ७४ लिटर होते.

तापमान: आत ओढणाऱ्या जाळीपाशी २९, जवळच्या गोल जाळीत १२. फरक १७ अंशांचा. पलंगावरच्या जाळीतून जो काही वारा येतो तो २० अंशांचा आहे.

१७ म्हणजे १२ पेक्षा जास्त, म्हणजे चांगलंच ना?

वाशी_सेक्टर१७ | मंगळवार, रात्री १०.१५

नाही. तिथेच तर रोग दिसतोय.

आपल्याकडच्या दमट हवेत यंत्राची बरीच ताकद बाष्पाचं पाणी करण्यात जाते, त्यामुळे फरक उलट कमी यायला हवा. १७ येतो तेव्हा दोनपैकी एक गोष्ट असते. एक तर कॉइलवरून, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्यांच्या जुडग्यावरून, वारा फार कमी जातोय, किंवा नुकतीच गार झालेली हवा खोलीत न येता आतल्या आत परत कॉइलवर जातेय. तुझा कंप्रेसर मध्येच बंद होतो, त्यावरून मला दुसऱ्याची शंका जास्त आहे. सेन्सर आत ओढणाऱ्या बाजूला असतो. त्याच्या नाकावर गार हवेची गळती आली की तो समजतो खोली २३ ला आली.

आणि १२ ची हवा पलंगापर्यंत जाईतो २० ची होते, कारण डक्टमध्ये ती रेंगाळते. वर तापलेला पत्रा आहे. वारा जितका हळू, तितका तो वाटेत तापणार.

तुझी निम्मी हवा हरवते आहे. दीड टनाचा बसवलास तर तीच फट त्याचीही निम्मी खाईल.

ठाण्याचा_परदेशात | बुधवार, सकाळी ७.४०

मूळचा नौपाड्याचा, सध्या मिशिगनमध्ये. काकांनी जे लांबून ओळखलं ते इथे मोटरहोमवाल्यांच्या बोलण्यात कायम असतं.

हे छतावरचे एसी १४ बाय १४ इंचांच्या भोकावर बसतात. भोकाच्या खाली, छत आणि आतलं सिलिंग यांच्या मधल्या दोन-तीन इंचांत एक पेटी असते, तिला प्लेनम म्हणतात. पेटीत मध्ये आडभिंत. एका कप्प्यातून एसी हवा ओढतो, दुसऱ्यात गार हवा सोडतो आणि तिथून ती डक्टमध्ये शिरते. ही पेटी बहुतेक वेळा गाडी बांधणारा जागेवर जुळवतो. आडभिंत म्हणजे पत्र्याचा किंवा फोमचा एक तुकडा, आणि तो वरपर्यंत, कडेपर्यंत नीट टेकलेला नसतो.

इकडे लोकांना याची काळजी एका कारणाने जास्त. लहान मोटरहोमला ३० अँपिअरचं कनेक्शन, १२० व्होल्टवर, म्हणजे ३,६०० वॅट. एक एसी दीड हजार वॅटच्या आसपास घेतो. दुसरा लावला की बाकी काही चालवायला जागा उरत नाही. म्हणून आहे त्याच एसीचा वारा सुधारायचा.

आतली मोठी जाळी काढ आणि टॉर्च घेऊन वर बघ. काढण्याआधी मेन बंद, प्लग बाहेर. नियंत्रणाच्या पेटीत वीज साठवणारा कपॅसिटर असतो, वीज काढल्यावरही तो झटका देऊ शकतो. त्या पेटीला हात लावू नकोस.

कोलशेतकर | बुधवार, रात्री ११.१०

गंमत म्हणजे आमच्या पार्किंगमधल्या १६ अँपिअरच्या प्लगचा हिशोबही २३० व्होल्टवर ३,६८० वॅट येतो. तुमच्या ३० अँपिअरइतकाच.

जाळी शनिवारी काढणार. दरम्यान एक प्रयोग केला तो सांगतो, कारण बहुतेक सगळे हाच करत असतील. पुढच्या दोन्ही जाळ्या बंद केल्या, म्हटलं वारा मागे जाईल. पहिला तासभर मागे थोडा फरक पडला. मग सगळाच वारा कमी होत गेला आणि रात्री पलंगावर टपटप पाणी. वर टॉर्च मारला तर कॉइलच्या कडेला पांढरा बर्फ.

वाशी_सेक्टर१७ | गुरुवार, सकाळी ६.४०

बर्फ दिसला की कंप्रेसर बंद करून फक्त पंखा चालू ठेवायचा, तास-दीड तासात वितळतो. टोकरायचा नाही, कॉइलच्या नळ्या नाजूक असतात.

असं का झालं ते समजून घे. ब्लोअरचा, म्हणजे एसीतल्या हवा ढकलणाऱ्या पंख्याचा, जोर मर्यादित असतो. तू दोन जाळ्या बंद केल्यास म्हणजे त्याच्यापुढचा अडथळा वाढवलास. त्याने एकूण हवाच कमी ढकलली. कॉइलवरून हवा कमी गेली की कॉइल शून्याच्या खाली जाते, आपल्या दमट हवेतलं पाणी तिथेच गोठतं, बर्फाने वाट आणखी बंद होते. आधीच निम्म्या वाऱ्यावर चालणाऱ्या यंत्रात जाळ्या बंद करायच्या नाहीत. आधी गळती बुजवायची, मग जाळ्यांचं वाटप.

तुर्भेचा_पत्रेवाला | गुरुवार, दुपारी १.३०

मी एमआयडीसीत डक्टचीच कामं करतो. दादा, आतलं काही उचकटायच्या आधी एक काम करा. उदबत्ती लावा. पंखा चालू, कंप्रेसर बंद, मोठी जाळी काढलेली, आणि उदबत्ती आडभिंतीच्या कडेकडेने फिरवा. हात आणि बाह्या पंख्यापासून लांब. जिथं फट, तिथं धूर हलतो. आम्ही मोठ्या इमारतीच्या डक्टलाही हेच करतो, महागडं मशीन नंतर.

आणि कापडी टेप आणू नका. नावात डक्ट असलं तरी डक्टच्या कामाचा नाही. गरमी आणि ओल लागली की गोंद सुटतो. ॲल्युमिनियम फॉइलची टेप आणा, मागचा कागद सोलून लावायची येते ती.

खारघरची_भटकंती | गुरुवार, दुपारी ३.१५

माझा अनुभव थोडा वेगळा आहे, पण दुखणं तेच वाटतंय म्हणून लिहिते.

आमच्या कॅरव्हॅनमध्ये घरातला एक टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट आहे. पलंगाच्या वर बसवलाय आणि समोर चार फुटांवर कपाट. थंड वारा कपाटावर आपटून लगेच वरून परत एसीत जायचा. एसी म्हणायचा झालं २४, मुलं म्हणायची उकडतंय. आम्ही दोन वर्षं एसीलाच दोष दिला. शेवटी मिस्त्रीकडून कपाटाचा वरचा ७ इंचांचा भाग कापून घेतला आणि पाती खाली वळवली. एसी तोच आहे, पण गाडी आता पुढेपर्यंत गार होते. काही रिमोटमध्येच सेन्सर असतो, तो चालू करून रिमोट झोपायच्या जागी ठेवला तरी फरक पडतो.

शिवाय बोळात १२ व्होल्टचा एक छोटा पंखा लावलाय, मागून पुढे हवा फिरवायला. वीज अगदी किरकोळ खातो.

येऊर_पहाट | गुरुवार, सायंकाळी ७.००

ताई, तोच पंखा डक्टच्या आत बसवला तर? कॉम्प्युटरचे पंखे स्वस्त मिळतात. कोलशेतकरांच्या मागच्या दोन जाळ्यांत एकेक लावला की काम होईल असं वाटतं.

वाशी_सेक्टर१७ | गुरुवार, रात्री ८.२०

खोलीत पंखा उत्तम. डक्टमध्ये नको. कॉम्प्युटरच्या पंख्याचा जोर ब्लोअरपुढे फार कमी, तो बंद पडला किंवा मागे राहिला की स्वतःच वाटेतला अडथळा होतो. आणि मागच्या जाळीला हवा मिळत नाही ती पंखा नाही म्हणून नाही, वाट अडलेली आहे म्हणून. ती अडचण शोधल्याशिवाय पंखा लावणं म्हणजे तुंबलेल्या नळाला मोटर जोडणं.

कोलशेतकर | शनिवार, रात्री ११.४५

आज सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. हात दुखतायत, पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

उदबत्ती आधी. आडभिंतीच्या डाव्या टोकाला धूर असा खेचला गेला की बाबा खालून ओरडले, "अरे, तो बघ!" तिथे माझी तर्जनी आरपार जाते एवढी फट होती. गार कप्प्यातली हवा सरळ ओढायच्या कप्प्यात. काका, तुम्ही न बघता सांगितलं होतं.

मग मोबाइल आत घालून फोटो काढले आणि एकेक प्रकार दिसत गेला.

पेटीच्या भिंती म्हणजे छताच्या थर्माकोलच्या उघड्या कापलेल्या कडा. त्यांच्या आणि सिलिंगच्या प्लायच्या मध्ये सगळीकडे अर्धा इंच मोकळं. म्हणजे गार हवा सिलिंगच्या पोकळीत शिरत होती. प्लायवर काळी बुरशी धरलेली. आधीच्या मालकाला गाडीत कुबट वास यायचा, तो म्हणे पडद्यांचा.

पुढे जाणारी डक्टची तोंडं मोकळी. मागे जाणाऱ्या दोन्ही तोंडांवर मात्र थर्माकोलची कड आत आलेली, दोन इंच उंचीच्या तोंडातलं एक इंच झाकलेलं. एकाच्या समोरून दिव्यांच्या वायरींचा जुडगा आडवा गेलेला. चार जाळ्यांचा वारा या दोन फटींतून जायचा होता.

आणि सर्वांत वाईट वाटलं ते शेवटी. पलंगावरच्या जाळीत हात घालून चाचपलं तर डक्ट जाळीपाशी संपतच नाही. पुढे दीड फूट तसाच उघडा जातो आणि मागच्या भिंतीच्या पोकळीत सुटतो. मागे पोहोचलेला वाराही निम्मा टेललाइटच्या वायरींना गार करत होता. गाडी बांधणाऱ्याने हे एका माणसाला झोपायची जागा म्हणून बांधलं होतं. अर्ध्या तासाचं काम वाचवलं असेल त्याने.

केलं ते असं. सगळ्या कडा आधी ब्रशने, मग आयसोप्रोपिल लावलेल्या फडक्याने पुसल्या. आडभिंत दाट थर्माकोलची, एक्सपीएस म्हणतात ती, नवी कापली. माप आधी पुठ्ठ्यावर काढून पुठ्ठा वर बसवून बघितला, तीन पुठ्ठे वाया गेल्यावर चौथा बसला. सगळ्या सांध्यांवर फॉइल टेप, स्टीलच्या चमच्याच्या पाठीने दाबून. डक्टची तोंडं हॅकसॉच्या पात्याने पूर्ण मोकळी केली, वायरी बाजूला क्लिपने बांधल्या. शेवटच्या जाळ्यांच्या मागे दोन्ही डक्टमध्ये थर्माकोलचा ठोकळा ठोकून टेपने बंद केला. बुरशी पुसून प्लाय दिवसभर उघडी ठेवलीय.

मोजमाप उद्या. जाळी बसवायला प्रकाश उरला नाही.

तुर्भेचा_पत्रेवाला | रविवार, सकाळी ९.१०

काम एक नंबर. दोन गोष्टी राहिल्या.

थर्माकोलची कापलेली एकही कड उघडी ठेवू नका. वाऱ्याने दाणे सुटतात आणि कॉइलमध्ये जाऊन बसतात. पूर्ण फॉइलने मढवा. आणि वायरीच्या जोडणीजवळ फोम नको, तिथं पत्रा वापरा.

दुसरं, वारा वरून खाली येतो आणि सपाट तळाला आपटून मग डक्टकडे वळतो. सपाट ठेवू नका. थर्माकोलचा उतार करून द्या, घसरगुंडीसारखा, ब्लोअरच्या खालून डक्टच्या तोंडापर्यंत. आम्ही पत्र्याच्या डक्टला काटकोनी वळण आलं की आत पाती बसवतो, तसंच. आपटलेला वारा जोर घालवतो.

वाशी_सेक्टर१७ | रविवार, सकाळी १०.००

पूर्ण सहमत. मागची तोंडं निम्मी झाकलेली होती त्याचा अर्थ मुलांनाही समजेल असा सांगतो. वाट निम्मी झाली की तेवढीच हवा न्यायला वेग दुप्पट लागतो, आणि अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे चौपट. ब्लोअर तो चौपट भार घेऊ शकत नाही, म्हणून हवा सोपी वाट धरते. तुझ्याकडे सोप्या वाटा म्हणजे पुढच्या जाळ्या आणि ती बोटभर फट.

कोलशेतकर | रविवार, रात्री ९.००

उतार करून बसवले. दोन तास गेले. आता आकडे.

पिशवी, पुढून मागे: २.२, २.३, २.४, २.५, २.८ आणि ३ सेकंद. बेरीज जवळपास १२० लिटर. ७४ वरून १२०.

तापमान: आत ओढताना २८, जवळच्या जाळीत १७, पलंगावर साडेअठरा. फरक ११. दुपारी बाहेर ३५ असताना दोन तासांनी पुढे २६, मागे २७. आणि कंप्रेसर मध्ये एकदाही थांबला नाही.

जाळीत आधी १२ होतं आणि आता १७ आहे, हे बघून बाबा आधी निराश झाले होते. त्यांना काकांचा मंगळवारचा प्रतिसाद वाचून दाखवला.

ठाण्याचा_परदेशात | सोमवार, सकाळी ६.३०

वा! अभिनंदन.

एक राहिलं, आणि तुमच्या पावसाळ्यासाठी महत्त्वाचं आहे. एसी आणि छत यांच्यामध्ये १४ इंचांची चौकोनी फोमची गास्केट असते. चार लांब बोल्ट तिला दाबून धरतात. जुनी गास्केट एका बाजूने बसली की तिथून पाणी येतं आणि तुम्ही आत कितीही टेप लावा, ओल राहणार. चारही बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने आवळायचे. ताकद लावून पूर्ण चपटी करायची नाही, मग ती दाब धरत नाही. पूर्ण मेलेली असेल तर जूनच्या आत बदला.

येऊर_पहाट | सोमवार, सकाळी ९.४५

मी मोठा बसवायला सांगितलं होतं. आकडे बघून मत बदललं. पण ३५ ला २७ म्हणजे अजूनही बरंच गरम आहे, ३९ ला काय होईल?

वाशी_सेक्टर१७ | सोमवार, सकाळी ११.२०

प्रश्न रास्त आहे. वाऱ्याचं काम झालं, आता उष्णता आत येऊ द्यायची नाही.

सगळ्यांत मोठं भोक म्हणजे पुढची काच. दीड चौरस मीटर काचेवर दुपारचं सरळ ऊन पडलं तर तेवढ्यातूनच हजार वॅटच्या जवळपास उष्णता आत येते. यंत्राच्या ताकदीचा चौथा हिस्सा तिथे गेला. चकाकणारं कव्हर काचेच्या बाहेरून घाल, आतून घातलं तर काच आधी तापते आणि ती उष्णता आतच राहते. केबिन आणि खोली यांच्यामध्ये जाड पडदा. छताला पांढरा परावर्तक रंग. गाडी लावताना काच उत्तरेकडे, मिळाली तर सावली.

वर चढलास की कंडेन्सरच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या, बाजूचे पातळ पत्र्याचे पंखही बघ. घोडबंदर रस्त्याला मेट्रो ४ च्या कामाची एवढी वर्षं धूळ आहे, ती तिथे थर धरून बसते. हलक्या पाण्याने आतून बाहेर धुवायचे, प्रेशरचा पाइप नको, पंख वाकतात.

पंख्याचं बटण ऑटोवर ठेव. कंप्रेसर थांबल्यावर पंखा चालू राहिला तर कॉइलवरचं पाणी परत हवेत मिसळतं. मे महिन्यात आपल्याकडे दवबिंदू, म्हणजे हवेतल्या बाष्पाचं पाणी व्हायला लागतं ते तापमान, २४-२५ च्या आसपास असतो. ओलावा काढलेली २७ ची खोली झोपायला चालते, दमट २५ ची चालत नाही.

कोलशेतकर | मंगळवार, रात्री १०.००

कंडेन्सर आज धुतला. बादलीतलं पाणी सिमेंटच्या रंगाचं झालं.

आणखी एक सापडलं. मी ३० मीटरची साधी एक्स्टेन्शन वापरत होतो, बारीक वायरीची. एसी चालू असताना गाडीतल्या प्लगला व्होल्टेज कमी मिळत होतं. जाड, ४ चौरस मिमीची वायर आणली तर ते वाढलं. ब्लोअरचा आवाज कानाला कळेल इतका बदलला, आणि पलंगावरची पिशवी ३ वरून २.७ वर आली. आधी हेच तपासायला हवं होतं.

खारघरची_भटकंती | बुधवार, दुपारी १२.३०

जुनी वायर एसी चालवताना हाताला गरम लागत होती का? लागत असेल तर गुंडाळी करून कधीच वापरू नका. गुंडाळलेली वायर वितळलेली मी पाहिली आहे.

आई झोपल्या का पलंगावर?

कोलशेतकर | रविवार, सायंकाळी ६.४५

ताई, वायर गरम होत होती. ती काढून टाकली.

शुक्रवार आणि शनिवार दिवेआगरला होतो. गाडी सुरूच्या सावलीत, काचेवर कव्हर, मध्ये पडदा. वीज घरगुती राहण्याच्या जागेतून, आमची स्वतःची वायर टाकून. दुपारी जेवून आई पलंगावर पडली ती साडेचारला उठली. रात्री मात्र तिने जाळी वळवून भिंतीकडे करायला लावली, म्हणाली पायांना झोंबतं.

वारा फार लागतोय म्हणून तक्रार ऐकायला मी एवढा आतुर होतो हे बाबांना दिसलं असणार. त्यांनी काही न बोलता जाळी वळवून दिली.

परतताना मागच्या एका सांध्याची टेप सुटलेली दिसली, तिथे मी घाईत कड पुसली नव्हती. पुन्हा पुसून लावली.

रबाळे_नवीन | सोमवार, सकाळी ८.१५

नमस्कार, पूर्ण धागा वाचला. माझ्याकडे असाच छतावरचा एसी आहे, चार जाळ्या. काल पिशवी लावली: ३, ३, ५ आणि १२ सेकंद. १२ वाली शेवटची. माझाही डक्ट मागे उघडा असेल का? सिलिंग न उघडता कळेल?

कोलशेतकर | सोमवार, सकाळी ८.५०

कळेल. शेवटची गोल जाळी फिरवून काढा, मोबाइल आत घालून मागच्या दिशेने व्हिडिओ घ्या, टॉर्च चालू ठेवून. भिंत दिसली तर ठीक. काळोख दिसला तर उघडा आहे. ठोकळ्याचं माप घेताना आधी पुठ्ठा कापा. माझे चारही पुठ्ठे अजून गाडीत आहेत, रविवारी तुर्भ्याला दादांकडे पत्रा घ्यायला जाणार आहे, वाटेत रबाळेला थांबतो.

तुर्भेचा_पत्रेवाला | सोमवार, सकाळी ९.०५

दोघंही या. उदबत्तीचा पुडा इथं आहे.